पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यापासून मनःशांतीपर्यंतचा आठ वर्षांचा अंतःसंघर्ष

प्रस्तावना

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) धर्मांतराची चर्चा मराठीत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या ख्रिस्ती का झाल्या, तो निर्णय योग्य होता की अयोग्य, त्याचा स्त्रीसुधारणेच्या चळवळीवर काय परिणाम झाला, या प्रश्नांभोवती ही चर्चा बहुधा फिरते. या चर्चेत एक गोष्ट मात्र सहसा बाजूला पडते. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु आपल्याला मनःशांती लाभली ती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, असे त्यांनी स्वतःच १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ‘साक्षी’त नमूद केले आहे. या आठ वर्षांत आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या निवेदनाचा आशय आहे.

धर्म स्वीकारणे आणि त्या धर्मात शांती लाभणे या दोन भिन्न घटना असू शकतात, हे या निवेदनातून स्पष्ट होते. त्या दोहोंमधील अंतर कशामुळे पडले व ते कसे मिटले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. येथे साधनांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘साक्ष’ हे अनुभवानंतर सोळा वर्षांनी लिहिलेले आत्मनिवेदन आहे; मागे वळून पाहताना मनुष्य आपल्या आयुष्याला एक आकार देत असतो. सुदैवाने रमाबाईंचा त्या काळातील पत्रव्यवहार उपलब्ध आहे. भगिनी जेराल्डिन यांनी तो जतन केला आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाला. साक्षीतील कथन आणि पत्रांतील तत्कालीन मनःस्थिती एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यास संघर्षाचे स्वरूप बरेच स्पष्ट होते.

‘शांती’ या शब्दाची व्याप्ती

ख्रिस्ती विचारातील शांतीची कल्पना भारतीय वाचकाला परिचित असलेल्या ‘चित्तवृत्तींचा उपशम’ या कल्पनेहून काहीशी निराळी आहे. जुन्या करारातील हिब्रू ‘शालोम’ या शब्दात क्षेम, पूर्णत्व, संबंधांचा सलोखा असे अर्थ एकत्र नांदतात. नव्या करारात ख्रिस्त शिष्यांना शांतीचे आश्वासन देतो ते वधस्तंभाच्या आदल्या रात्री, आणि त्याच वेळी जगात तुम्हाला क्लेश होतील असेही सांगतो. म्हणजे क्लेशांचा अभाव हा या शांतीचा अर्थ नाही. देवाशी बिघडलेला संबंध पूर्ववत जुळणे हा तिचा गाभा आहे. म्हणूनच संत पौल, ऑगस्टीन, मार्टिन ल्यूथर यांच्या लेखनात शांतीच्या वर्णनाआधी तीव्र आंतरिक झगड्याचे वर्णन येते. मनुष्य स्वतःच्या प्रयत्नाने हा संबंध जोडू शकत नाही, तो देवाच्या कृपेने जोडला जातो, असा या परंपरेचा सिद्धांत आहे. सिद्धांत सांगायला सोपा आहे. तो रमाबाईंसारख्या तर्ककर्कश आणि स्वाभिमानी विदुषीच्या आयुष्यात कसा उतरला, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

पहिल्या श्रद्धेचा भंग

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न शास्त्री. स्त्रियांना संस्कृत शिकवावे या मतापायी त्यांनी समाजाचा रोष पत्करला आणि पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविले. लक्ष्मीबाईंनी पुढे रमाबाईंना शिकविले. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करीत हे कुटुंब वर्षानुवर्षे भारतभर फिरले. १८७०च्या दशकातील मद्रास इलाख्यातील दुष्काळाने त्याची वाताहत केली. जवळचे द्रव्य दानधर्मात व अनुष्ठानांत संपले. देव प्रसन्न होईल या आशेने उपासतापास, जप, प्रदक्षिणा सर्व काही झाले. प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण असे तिघे मृत्यू पावले. आईच्या पार्थिवाला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. रमाबाई उंचीने लहान असल्यामुळे त्यांना आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला, असे त्यांनी लिहिले आहे. ही आठवण त्यांना आयुष्यभर सोडून गेली नाही.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथे त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविण्यात आले. विद्वत्तेचा हा सन्मान होत असतानाच त्यांची पारंपरिक श्रद्धा मात्र ढासळत होती, हा योगायोग लक्षणीय आहे. धर्मशास्त्रांचे अध्ययन त्यांनी स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी आरंभिले. ग्रंथांत परस्परविरोध पुष्कळ दिसले. परंतु स्त्रिया व शूद्र यांना स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही, या एका मुद्द्यावर ते एकमताने बोलतात, असे त्यांना आढळले. केशवचंद्र सेन यांच्या प्रेरणेने त्या वेद-उपनिषदांकडे वळल्या आणि ब्राह्म मताच्या निकट गेल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी जातिबंधन मोडून नोंदणी विवाह केला. सिल्चर येथे असताना घरातील ग्रंथसंग्रहात त्यांना बंगालीतील लूककृत शुभवर्तमान सापडले. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे निधन झाले; श्रीनिवास आधीच गेले होते. वयाच्या चोविसाव्या वर्षी, दहा महिन्यांच्या मनोरमेला घेऊन, रमाबाई जवळजवळ एकट्या उरल्या होत्या.

वाँटेज : स्वीकार आणि नकार

त्याच वर्षी रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो हेतू सफल झाला नाही. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्ये मानसिक अस्वास्थ्याच्या अवस्थेत विष घेतले. हा आघात ताजा असतानाच बाप्तिस्म्याचा निर्णय झाला. त्यामुळे तो निर्णय केवळ असहायतेतून झाला, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. ही शक्यता सर्वस्वी नाकारता येत नाही. तथापि रमाबाई स्वतः वेगळे कारण देतात. फुलहॅम येथे वाँटेजच्या भगिनींनी चालविलेली ‘पतित’ स्त्रियांसाठीची संस्था त्यांनी पाहिली. ज्या स्त्रियांना समाजाने टाकून दिले होते त्यांची सेवा या भगिनी का करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविण्यात आली. स्त्रीला समान मानणारा, तिच्याशी धर्माविषयी संवाद करणारा गुरू त्यांना येथे प्रथम भेटला. शास्त्राध्ययनात जी गोष्ट त्यांना सापडली नव्हती, नेमकी तीच ही होती.

दुसरे कारण बौद्धिक होते आणि ते नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांच्याशी निगडित आहे. गोरे (१८२५–१८९५) हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, षड्दर्शनांचे खंडन करणारा हिंदी ग्रंथ लिहिला आणि पुढे ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. ब्राह्म मतातील जी तत्त्वे रमाबाईंना प्रिय होती ती वस्तुतः ख्रिस्ती धर्मातूनच आलेली आहेत, असा युक्तिवाद त्यांनी लेखी स्वरूपात केला आणि तो रमाबाईंना पटला. येथे क्षणभर थांबून गोऱ्यांच्या स्वतःच्या अवस्थेकडे पाहावे असे वाटते. इतरांच्या शंका फेडणाऱ्या या पंडिताला आपल्या शंकांनी अखेरपर्यंत सतावले. ऑक्सफर्डच्या काउली येथील संन्यस्त बंधुसंघात ते उमेदवार म्हणून राहिले. अंतिम व्रते मात्र त्यांनी कधीच घेतली नाहीत. युक्तिवाद मनुष्याला एखाद्या धर्माच्या दारापर्यंत आणू शकतो. आत शिरल्यावर त्याला स्वस्थता देईलच असे नाही, याचे गोऱ्यांइतके बोलके उदाहरण एकोणिसाव्या शतकात क्वचितच मिळेल.

रमाबाईंचेही प्रथम असेच झाले. बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांच्या आत पत्रव्यवहारात तीव्र वाद दिसू लागतात. ख्रिस्ताचे देवत्व, देवाचे त्रैक्य, कुमारीपासून जन्म, अथनेशियसचा मतांगीकार या विषयांवर त्यांनी शंका उपस्थित केल्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावरील लेख लॅटिनमध्ये कशासाठी, भारतीय स्त्रीसाठी तो संस्कृतात का नसावा, असा प्रश्न त्यांनी केला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा भारतातील बिशपांनी त्याला हरकत घेतली. भारतीय पुरोहितवर्गाचे जोखड आपण नुकतेच उतरविले आहे, ते दुसऱ्या पुरोहितांच्या हातून पुन्हा मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले. ज्यांना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत, त्या धर्ममाता जेराल्डिन यांच्याशीच हा वाद चालू होता. जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र शंकांना शंकांच्या पातळीवर उत्तरे देण्याचा प्रयत्न केला, आणि रमाबाईंची त्यांना लिहिलेली पत्रे अधिक मोकळी आहेत, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

हे वाद वाचताना असे दिसते की रमाबाई दोन आघाड्यांवर झगडत होत्या. एक प्रश्न सत्याचा होता : हे सिद्धांत खरे आहेत का? दुसरा अधिकाराचा होता : ते खरे आहेत हे ठरविणार कोण? दुसऱ्या प्रश्नावर त्यांनी १८८५ मध्येच ठाम भूमिका घेतली आणि ती पुढे बदलली नाही. ज्या पंथाने बाप्तिस्मा दिला त्याच्या चौकटीत त्या कधीच पुरत्या सामावल्या नाहीत. अस्वस्थतेचे मूळ मात्र या दोन्ही प्रश्नांपेक्षा खोल होते, हे त्यांना नंतर उमगले.

१८९१ : काय घडले?

अमेरिकेतील सुमारे तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदनाची स्थापना केली. पुढील वर्षी सदन पुण्यास हलले. बाह्यतः हा यशाचा काळ होता. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या पुस्तकाने त्यांना कीर्ती दिली होती, बोस्टन येथील रमाबाई असोसिएशन आर्थिक भार उचलीत होते. अंतर्यामी मात्र समाधान नव्हते. आपण धर्माच्या आज्ञा पाळतो, प्रार्थना करतो, लोकांची सेवा करतो, तरी अंतःकरणातील पापाची जाणीव व देवापासूनचे अंतर तसेच आहे, अशी त्यांची तक्रार होती. पहिल्या आयुष्यात व्रतवैकल्यांनी देव प्रसन्न करण्याचा जो खटाटोप फसला होता, तोच त्या नव्या धर्मात निराळ्या साधनांनी करीत होत्या, असे म्हणता येईल.

या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील पॅरिशचे धर्मगुरू होते आणि धर्मोपदेश करीत असतानाच, स्वतःच्या व्यासपीठावर, त्यांचे अंतःपरिवर्तन झाले असे ते सांगतात. धर्मगुरूही धर्माच्या बाहेर असू शकतो, ही कल्पना रमाबाईंना आरशासारखी वाटली असावी. त्यांनी नवा करार पुन्हा, या वेळी वादासाठी नव्हे तर स्वतःसाठी, वाचला. देवाची कृपा पात्रतेवर अवलंबून नाही, ती जशी आहे तशी स्वीकारावयाची आहे, ही गोष्ट त्यांना तेव्हा ‘आपल्याविषयी’ खरी वाटली. त्या प्रसंगी दिव्य दर्शन झाले, प्रकाश पडला, असे काही त्या सांगत नाहीत. ओझे उतरले, आपण देवाचे अपत्य आहोत अशी खात्री झाली, एवढेच त्या सांगतात.

येथे एक प्रश्न उद्भवतो. आठ वर्षे प्रश्न विचारणाऱ्या बुद्धीने अखेर हात टेकले आणि त्यालाच शांती म्हटले, असे तर झाले नाही ना? उपलब्ध पुराव्यावरून तसे दिसत नाही. ज्या सिद्धांतांवर त्या अडल्या होत्या त्यांपैकी अनेक त्यांनी पुढे स्वीकारले हे खरे. परंतु अधिकाराच्या प्रश्नावरील भूमिका कायम राहिली. कोणत्याही एका पंथाला त्यांनी स्वतःला किंवा आपल्या संस्थेला बांधून घेतले नाही. बदलले ते प्रश्न विचारण्याचे स्थान. पूर्वी त्या बाहेर उभ्या राहून पुरावा मागत होत्या. आता नात्याच्या आत उभ्या राहून बोलू लागल्या. मराठी भक्तिपरंपरेच्या वाचकाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

एकाची शांती, दुसऱ्याची अशांती

या शांतीची सामाजिक किंमत लगेच द्यावी लागली. शारदा सदन हे धर्मनिरपेक्ष राहील असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत पहाटे प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली, न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतिदारांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की सदनात प्रत्येकीला आपला धर्म पाळण्याची मोकळीक आहे, तशीच ती आपल्यालाही आहे. हे म्हणणे तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. तरीही आश्रयदात्रीचे उघडे दार आणि निराधार बालविधवेची मोकळीक यांत बलाचा समतोल नव्हता, ही विरोधकांची शंका केवळ द्वेषमूलक म्हणून झटकून टाकता येणार नाही. नव्याने शांती लाभलेल्या मनुष्याला ती वाटून द्यावीशी वाटते. ज्यांच्यावर आपला अधिकार चालतो त्यांना ती वाटताना संयम किती ठेवावा, हा प्रश्न रमाबाईंच्या चरित्राने उभा केला आहे आणि तो शिक्षणसंस्थांना अपरिचित नाही.

त्या काळातील आणखी एका मराठी अनुभवाशी तुलना केल्यास रमाबाईंच्या मार्गाचे वेगळेपण ध्यानात येते. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांना ख्रिस्त हा गुरू व माउली म्हणून, तुकोबांच्या अभंगाच्या चालीवर भेटला. रमाबाईंप्रमाणे तर्काच्या कुंपणावरून त्यांना चढावे लागले नाही. त्यांच्या शांतीचे मोल मात्र प्रथम लक्ष्मीबाईंनी चुकविले. पतीपासून झालेली ताटातूट, आप्तांचा आक्रोश आणि सोवळ्याओवळ्याचा पेच त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त विनोदाच्या आवरणाखाली नोंदविला आहे. लक्ष्मीबाईंचा झगडा त्रैक्याशी नव्हता, पाण्याच्या भांड्याशी होता. जातिभेद मानवनिर्मित आहे असे एकदा मनाने घेतल्यावर त्यांना पुढची वाट सोपी झाली आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकाच धर्माच्या, एकाच भाषेच्या तीन व्यक्तींना तीन निराळ्या दारांनी आत जावे लागले.

पुन्हा दुष्काळ

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. सुमारे वीस वर्षांपूर्वी अशाच दुष्काळाने रमाबाईंचे कुटुंब आणि त्यांची पहिली श्रद्धा हिरावली होती. या वेळी त्या दुष्काळाकडे स्वतःहून चालत गेल्या. उपासमारीने खंगलेल्या, दलालांच्या हाती सापडण्याच्या बेतात असलेल्या मुली-स्त्रियांना घेऊन त्या परतल्या. पुण्याजवळ केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली आणि १८९८ मध्ये ‘मुक्ती’ ही संस्था आकारास आली. हे करताना स्वतःच्या जुन्या उपासमारीची आठवण त्यांनी जाहीरपणे लिहिली. ती लिहिताना त्यांच्या शब्दांत कंप आहे, पण कडवटपणा ओसरलेला दिसतो. १८९७ मध्येच पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारचा रोष ओढवून घेतला. शांती म्हणजे निवृत्ती नव्हे, याला वेगळे प्रमाण नको.

अखेरची सुमारे दोन दशके त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास दिली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असून केडगावच्या अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही, म्हणून साधे मराठी हवे, हा त्यांचा आग्रह होता. अठरा पुराणांवर ज्यांची जीभ घडली त्या पंडितेने हा आग्रह धरावा हे विशेष. छपाईचे कामही ‘मुक्ती’तील स्त्रियाच करीत. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. जिच्यावर संस्थेचे भवितव्य सोपवावयाचे ती एकुलती एक मुलगी गेली, आणि रमाबाईंची श्रवणशक्ती तर केव्हाच क्षीण झाली होती. भाषांतराचे काम थांबले नाही. ते हातावेगळे झाल्यावर थोड्याच काळाने, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्यांचे निधन झाले.